धुळीतली सात बोटं

१

अठ्ठ्याहत्तर नंबरचा खण रिकामा होता.

"सकाळी साचा जागेवर होता," मालकीण म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीनंतर बघते तर नाही. बाई, आता तुम्हीच काय ते बघा."

मी बघत होतेच. चारही भिंतींना छतापर्यंत खण आणि प्रत्येक खणात एकेक लाकडी पाऊल. बाजारातले बूट ज्यांना चालत नाहीत अशा लोकांसाठी हा कारखाना बूट बनवतो. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा घोटा वळलेला, कुणाला बोटंच नाहीत. अशा प्रत्येक गिऱ्हाईकाच्या पायाची लाकडात हुबेहूब प्रत कोरायची आणि तिच्यावर बूट चढवायचा. त्या प्रतीला इथे साचा म्हणतात. साचे कोरतात आमचे हे. एकतीस वर्षं झाली. कारखान्यात त्यांना सगळे काका म्हणतात.

अठ्ठ्याहत्तर नंबर म्हणजे व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई. डावा पाय आखूड. त्यांनी नवे बूट नेले आणि चौथ्या दिवशी स्वतःच्याच घराच्या जिन्यावरून कोसळल्या. उजवं मनगट मोडलं. व्हायोलिनचा गज धरायचा तोच हात. डॉक्टरांनी तो बूट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा आतल्या बाजूला झुकलाय.

म्हणजे दोनच शक्यता. एक तर साचाच कलता कोरला गेला, आणि ती चूक आमच्या ह्यांची. नाहीतर साचा बरोबर होता आणि टाच वाकडी ठोकली गेली, आणि ती चूक टाचा ठोकणाऱ्याची. त्याला कारखान्यात हातोडी म्हणतात. साचा हातात असता तर एका मिनिटात निकाल लागला असता. आणि नेमका तोच गायब.

"शनिवारी दोघांपैकी एकाला घरी बसवावं लागेल मला," मालकीण म्हणाली.

"आणि हे शोधायला तुम्ही काकांच्याच बायकोला बोलावलंत?"

"स्वतःच्या मुलाचा पेपर काढून घेणाऱ्या बाईंना बोलावलंय."

हे खरं आहे. बत्तीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून फिरले. बुटात, पट्टीच्या मागे, तळहातावर, कुठे कुठे म्हणून उत्तरं लिहिलेली पकडली. त्यात एक वर्षी आमचे चिरंजीवही सापडले. त्यांचा पेपर काढून घेतला आणि घरी येऊन स्वयंपाक केला. तो अजून त्यावरून टोमणे मारतो.

मी खुर्चीवर चढून खणांची ती रांग पाहिली. एकाहत्तरपासून ऐंशीपर्यंत. प्रत्येक खणाखाली नंबराची पट्टी चिकटवलेली. साच्यांवर धुळीचा पातळ थर होता. एकाहत्तरच्या टाचेवर त्या धुळीत एका बोटाचा ठसा होता. बहात्तरवर तसाच एक. त्र्याहत्तरवर, चौऱ्याहत्तरवर, असं करत सत्त्याहत्तरपर्यंत. एकोणऐंशी आणि ऐंशीवर ठसा नव्हता, धूळ जशीच्या तशी.

"चोर बाहेरचा असणार," मालकीण म्हणाली. "आमच्या माणसाला असं चाचपत जायची काय गरज? त्याला खणांची सवय असते, शिवाय नंबर समोर लिहिलेत. आणि भर दुपार होती, खिडकी उघडी होती."

मला पटलं. पण बाहेरच्या माणसाला अठ्ठ्याहत्तरच हवा होता हे कुणी सांगितलं? इथे माझ्या डोक्यात पहिला गुंता झाला.

२

जिना उतरताना मुलीचा फोन आला. नातीने वर्गातल्या चाचणीत शेजारणीच्या वहीत डोकावून दोन उत्तरं लिहिली होती आणि तिच्या आईला रडू आवरत नव्हतं.

"अगं, एवढं काय त्यात?" मी म्हणाले. "दोन उत्तरं बघितली म्हणजे काय डाका घातला? घाबरली असेल बिचारी."

मग ती म्हणाली, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

मी फोन ठेवला. मला कामं होती.

हातोडी त्याच्या बाकावर टाचा ठोकत बसला होता. तोंडात पाचसहा खिळे, त्यामुळे सगळं बोलणं दातांतून. चाळिशीचा माणूस, घरी दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली सासू. नोकरी गेली तर काय, हे त्याला विचारायची गरज नव्हती.

मी थेट विचारत नसते. कॉपी पकडायची माझी एक वेगळीच रीत आहे. परीक्षेआधी मी वर्गाला विचारायचे, कॉपी करणाऱ्याचं काय करावं? सगळे म्हणायचे, काढून टाका बाई. पेपर झाल्यावर पुन्हा विचारायचे. ज्याने कॉपी केलेली असायची त्याचं मत एकदम मऊ. पेपरच अवघड होता बाई, सगळेच करतात बाई. आणि ज्याला मोह झाला पण ज्याने हात आवरला, तो आधीपेक्षा कडक. आपण वाईट वागलो हे माणसाला सहन होत नाही, मग तो वाईट कशाला म्हणायचं तेच थोडं सरकवून घेतो. म्हणून त्याने काय केलं ते विचारायचं नाही. त्याचं मत कधी बदललं ते बघायचं.

"खडूच्या चालीबद्दल तुझं काय मत?" मी हातोडीला विचारलं.

ही या कारखान्याची जुनी पद्धत. नव्या बुटाच्या तळाला खडू फासायचा आणि गिऱ्हाईकाला काळ्या फळीवर दहा पावलं चालवायचं. ठसा सगळीकडे सारखा उमटला तर बूट पास. आतली कड ठळक आली तर बूट परत बाकावर. ठसा चौघांनी बघायचा. काका, हातोडी, शिलाई करणाऱ्या दोरामावशी आणि मालकीण.

"जुनाट प्रकार आहे हो तो," हातोडी म्हणाला. "फळीच वाकडी झालीय. तिच्यावर कुणी कसाही चालला तरी ठसा तसाच येणार."

हाच माणूस दोन महिन्यांपूर्वी नखाएवढ्या फरकासाठी तीन जोड परत घेऊन बसला होता. आमच्या ह्यांनी घरी येऊन कौतुकाने सांगितलं होतं.

"त्या दिवशी ठसा कसा होता?"

त्याने खिळे तोंडातून काढून हातावर घेतले. "आतून ठळक होता," तो हळूच म्हणाला. "पण काकांनी मान हलवली. काकांच्या पुढे मी काय बोलणार? गेल्या वर्षी डोळ्यांच्या दाखल्यात मी नापास झालो होतो, चष्मा लावेपर्यंत हत्यार काढून घेतलं होतं माझं. काका या वयात पहिल्या फटक्यात पास. म्हटलं, माझेच डोळे फसत असतील."

हे खरं होतं. धारदार हत्यार धरणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी चष्म्याच्या दुकानातून तक्ता वाचल्याचा दाखला आणायचा, असा इथला नियम. आमचे हे पहिल्या फटक्यात पास झाले होते. मी घरी थोडा सराव करून घेतला होता, कारण तपासणी म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

हातोडीचं मत मऊ झालं होतं. मासा गळाला लागला असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर आनंद झाला. माझा नवरा सुटत होता.

तो आनंद दहा मिनिटंसुद्धा टिकला नाही.

३

दोरामावशी शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "चाल? अहो, पाच पावलं काय नि दहा काय. शिवाय त्या बाईंची चालच मुळात तशी."

"पाचच पावलं चालल्या?"

"त्यांना घाई होती. शिकवणी होती ना. ठसा आतून दाट होता, मी बघितला की. पण चार टाके घालणारी मी, साच्यातलं मला काय कळतंय? काकांनी हो म्हटलं, झालं."

मागे बूट घालून बघायच्या खोलीत याच मावशींनी एकदा एका आडदांड गिऱ्हाईकाचा हात धरून त्याला पुन्हा फळीवर उभं केलं होतं. आठ पावलांवर थांबला म्हणून.

मालकीणबाईंचं तर विचारूच नका. "नियम गिऱ्हाईकाच्या सोयीसाठी असतात, बाई. त्यांनाच घाई होती. मी त्यांचाच विचार केला."

एकाच हॉलमध्ये तिघं कॉपीबहाद्दर! तिघांनी ठसा पाहिला, तिघं गप्प बसली, आणि तिघांनाही आता खडूची चाल फालतू वाटत होती. माझी रीत तर चोख चालली होती, पण तिने एकाऐवजी तीन चोर पकडून दिले. मग साचा कुणी नेला? आणि का? मला काही सुधरेना.

मी व्हायोलिनवाल्या बाईंकडे गेले. पुढच्या खोलीत विद्यार्थ्यांच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. त्यांचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. गज पुन्हा पहिल्यासारखा धरता येईल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

"पहिल्याच पावलाला कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "पाय आत कलत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तीन महिने वाट पाहिली होती त्या बुटांची. चार वेळा माप द्यायला आले. एवढं केल्यावर ते वाईट असतील हे मनाला पटेना. म्हटलं, नवे बूट असेच असतात, सवय होईल. जिना उतरतानाही हेच म्हणत होते."

मी त्यांच्यासाठी पाणी आणलं, कारण त्यांना डाव्या हाताने पेला भरता येत नव्हता. परतताना रस्ताभर डोकं भणभणत होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तरीही कुणाचंच खरं वाटत नव्हतं.

एक माणूस विचारायचा राहिला होता. तो घरी माझी वाट बघत होता.

४

"चाल पूर्ण झालीच पाहिजे," हे म्हणाले. "दहा नाही, वीस पावलं. आणि ज्याने ठसा न बघता बूट जाऊ दिला, त्याने हत्यार खाली ठेवावं."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी टेबलावरून हात सरकवत आणला आणि बोटं कपाला लागल्यावर कान धरला. ही त्यांची हल्लीची सवय. पेपरही मलाच वाचायला लावतात. तुझा आवाज ऐकत चहा प्यायला बरं वाटतं म्हणतात. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्याने असं म्हटलं तर कुठली बायको नाही म्हणेल?

"आधी तर तुम्ही म्हणायचात, दहा पावलं पुष्कळ झाली," मी म्हणाले.

"आधी म्हणायचो."

मत कडक झालेला हा एकटाच! मान हलवली ती ठसा बरोबर वाटला म्हणूनच असणार, आणि काही लपवायचा मोह झालाच असेल तर हात आवरला. माझ्या रितीप्रमाणे हे निर्दोष होते. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

म्हणजे उरला हातोडी. टाच त्याची, साचा नाहीसा झाल्याचा फायदा त्याचा. त्याच्या मुली डोळ्यांपुढे आल्या, पण नियम तो नियम. आता फक्त लिहून द्यायचं होतं, आणि मी लिहिणार तर रीतसरच लिहिणार. कॉपी प्रकरणाचे जुने छापील फॉर्म माझ्याकडे उरले होते. कपाटातल्या कापडी पिशवीत, जप्त केलेल्या चिठ्ठ्यांबरोबर. ती पिशवी मी दहा महिन्यांत उघडली नव्हती.

मी ती ओढली. ती जड लागली.

आत ह्यांच्या मफलरमध्ये गुंडाळलेलं एक लाकडी पाऊल होतं. टाचेवर कोरलं होतं, अठ्ठ्याहत्तर.

५

"अहो, हे काय आहे?"

"साचा."

"तो दिसतोय मला!"

"तुला दिसतोय," हे म्हणाले. "मला नाही."

मी साचा टेबलावर ठेवला. तो आत कलत होता. टाच वाकडी नव्हतीच. हातोडीने साच्याबरहुकूम ठोकली होती.

मी खाली बसले. सात साच्यांवरची सात बोटं. पट्टीवरचा नंबर ज्याला वाचता येत नाही, पण कितव्या नंबराला काय आहे हे ज्याला पाठ आहे, असा माणूस रांगेच्या सुरुवातीपासून बोटाने मोजतच जाणार. मालकीण म्हणाली बाहेरचा, आणि मी पटवून घेतलं. कपाचा कान, पेपर, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि प्रत्येकाला मी एकेक छान कारण चिकटवून ठेवलं होतं.

"चोरला नाही गं," हे म्हणाले. "चूक कुठे झाली ते बोटांनी बघायला आणला. सापडली. आतल्या कडेला जरा जास्तच तासलाय मी. जाळावासा वाटला एकदा. मग तुझ्या पिशवीत ठेवला."

"माझ्या का?"

"तुला सापडावा म्हणून. माझ्याने बोलवेना. मी बोललो असतो तर दाखला कसा मिळाला तेही आलं असतं. त्यात तुझं नाव येतं."

"माझं काय त्यात? मी फक्त सराव करून घेतला! सगळेच करतात! तो चष्मेवाला तक्तासुद्धा बदलत नाही, चूक त्याचीच..."

मी थांबले. हा आवाज मी बत्तीस वर्षं ऐकला होता. फक्त तो नेहमी बाकाच्या पलीकडून यायचा.

दहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते सांगते. दाखल्याच्या आदल्या दिवशी मी त्या दुकानात गेले, माझे डोळे तपासायचे म्हणून. खुर्चीवर बसून तक्त्याच्या खालच्या चार ओळी मी पेनाने डाव्या तळहातावर उतरवल्या. घरी येऊन संध्याकाळभर त्या ह्यांच्याकडून पाठ करून घेतल्या. काम सुटलं तर हा माणूस खचेल असं मला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्याला सराव म्हणू लागले. पिशवी उघडेनाशी झाले. नातीने डोकावून बघितलं तर मला डाका वाटेनासा झाला. मत कुणाचं आणि कधी बदललं, हे मी सगळ्या कारखान्याला विचारत फिरले होते. एकीला सोडून.

मला भयंकर लाज वाटली. समोर फॉर्म कोरा होता, आणि हातोडीचं नाव लिहिलं तर कुणालाही कधीच कळणार नव्हतं.

६

शनिवारी मी साचा काळ्या फळीवर ठेवला. चौघं भोवती उभी होती. साचा आत कलला आणि हातोडीने वाकून तो जवळून पाहिला.

"म्हणजे काका?" मालकीण म्हणाली.

"थांबा," मी म्हणाले. "व्हायोलिनवाल्या बाईंना पहिल्याच पावलाला कळलं होतं, पण त्यांचा तुमच्यावर भरवसा. तुम्ही ठसा पाहिला, पण तुम्ही आणि मावशी आणि हातोडी, सगळी काकांच्या मानेवर विसंबलात. काकांची मान दाखल्याच्या जोरावर हलली. आता दाखला कुणाच्या जोरावर मिळाला ते वाचते."

मी फॉर्म उघडला. "कॉपीचं साधन, तळहात. विषय, डोळ्यांचा तक्ता. कॉपी पुरवणाऱ्याचं नाव..." इथे मी माझं पूर्ण नाव वाचलं.

मग दोरामावशी म्हणाल्या, "माझंही लिहा बाई. ठसा मला दिसला होता."

"आधी माझं," हातोडी म्हणाला. "मला तर चष्म्यातून दिसला होता."

मालकिणीने खडू उचलला आणि भिंतीवर लिहिलं, दहा पावलं, मालकिणीलाही सूट नाही. हातोडी राहिला. ह्यांनी स्वतःची पटाशी तिच्या हातात दिली आणि ती तिने घेतली.

तिथून आम्ही दोघं व्हायोलिनवाल्या बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी माफ केलं नाही. दार लावून घेण्याआधी एवढंच म्हणाल्या, "बोटं हलायला लागली की कळवेन." आम्ही जिना उतरलो. पायऱ्या मी मोजल्या, चौदा होत्या.

७

या वेळी डोळ्यांचे खरे डॉक्टर होते. तक्ताही वेगळा होता.

"ही ओळ वाचा," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला पाठ आहे. उत्तर येत नसलेलं मूल हॉलमध्ये अशीच नजर फिरवतं. मला ती ओळ इथूनही स्वच्छ दिसत होती. मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"दिसत नाही," हे म्हणाले.

"याच्या वरची?"

"तीही नाही."

डॉक्टरांनी बॅटरी घेऊन दोन्ही डोळ्यांत पाहिलं. "मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. साधं ऑपरेशन आहे हो, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. वेळेवर आला असतात तर एव्हाना सुई ओवत असता. इतके दिवस थांबलात कशाला?"

एवढंच होतं. एका दिवसाची पट्टी.

"तसं काही जाणवलंच नाही हो," हे घाईघाईने म्हणाले. मला वाचवत होते, अजूनही.

मी खुर्ची परत फिरवली.

"खोटं सांगताहेत, डॉक्टर," मी म्हणाले. "दहा महिने झाले. आणि मला ठाऊक होतं."